उभा कागद, आडवा कागद

वर्तमानपत्र उघडले की पर्जन्यमानाचा, कांद्याच्या भावाचा, नाही तर शेअर बाजाराचा एखादा आलेख दृष्टीस पडतोच. वरखाली जाणारी ती रेघ आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की, तीही कुणी तरी पहिल्यांदा काढली असेल आणि त्याआधी देशोदेशींच्या व्यापाराचे आकडे निव्वळ रकान्यांत कोंडून पडले असतील, हे आपल्या मनातही येत नाही. ही रेघ, शेजारी शेजारी उभे राहणारे स्तंभ आणि भाकरीसारखे तुकडे पाडलेले वर्तुळ, या तिन्ही आकृत्या अर्थव्यवहाराच्या आकड्यांना लावून दाखविल्या त्या एकाच माणसाने. त्याचे नाव विल्यम प्लेफेअर. संख्याशास्त्राच्या ग्रंथांत त्याला मानाचे पान मिळाले आहे. त्याचे चरित्र मात्र शांतपणे अभ्यासिकेत बसलेल्या पंडिताचे नाही. ते एका धडपड्या, हुशार आणि पुष्कळदा बेभरवशाच्या माणसाचे आहे.

या माणसाकडे मी वळलो ते एका साध्या प्रश्नामुळे. आम्हां अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हल्ली ‘आर’ नावाच्या संगणकभाषेत आलेख काढावे लागतात. आकडे दिले, एक ओळ लिहिली की आलेख तयार. त्या आलेखाची उंची आणि रुंदी यांचे परस्पर प्रमाण बदलण्याची सोयही त्या भाषेत आहे. ते प्रमाण बदलले की आकडे तेच राहतात, पण रेघेचा चेहरा पार पालटतो. मग खरा चेहरा कोणता? हे प्रमाण ठरवायचे तरी कशाच्या आधारावर? उत्तराच्या शोधात मी मागे मागे जात राहिलो, तो थेट अठराव्या शतकातील स्कॉटलंडात जाऊन पोहोचलो.

स्कॉटलंडातील डंडी या गावाजवळच्या लिफ येथे २२ सप्टेंबर १७५९ रोजी विल्यमचा जन्म झाला. वडील धर्मोपदेशक होते. १७७२ साली ते वारले तेव्हा विल्यम अवघा बारा वर्षांचा होता. कुटुंबाचा भार थोरल्या भावावर, जॉनवर, येऊन पडला. हा जॉन प्लेफेअर पुढे एडिंबरो विद्यापीठात गणिताचा प्राध्यापक झाला; समांतर रेषांविषयीचे ‘प्लेफेअरचे गृहीतक’ भूमितीच्या विद्यार्थ्यांना परिचित आहे ते याच जॉनचे. धाकट्या भावाच्या शिक्षणाकडे त्याने जातीने लक्ष पुरविले. उष्णतामापकावरील अंश टिपून ठेवण्याचे काम त्याने विल्यमला लावून दिले होते आणि जे आकड्यांत सांगता येते ते रेघांनीही दाखविता येते, हा धडाही त्यानेच दिला. आपल्या शोधाचे मूळ भावाच्या त्या शिकवणीत आहे, हे विल्यमने पुढे स्वतःच नमूद करून ठेवले आहे. एरवी दुसऱ्याचे ऋण मान्य करण्याचा त्याचा स्वभाव फारसा नव्हता. म्हणून ही कबुली मला मोलाची वाटते.

शाळा-विद्यापीठाच्या वाटेने न जाता विल्यम कारागिरीकडे वळला. मळणीयंत्राचा जनक म्हणून ज्याचे नाव घेतले जाते त्या अँड्र्यू मीकल या गिरण्या बांधणाऱ्या कारागिराकडे त्याने उमेदवारी केली. पुढे पूल व गोद्या बांधून नावारूपाला आलेला जॉन रेनी हाही तिथलाच शिष्य. १७७७ साली विल्यम बर्मिंगहॅमला गेला आणि बोल्टन व वॅट यांच्या कारखान्यात रुजू झाला. वाफेच्या यंत्राचा सुधारक जेम्स वॅट याच्या हाताखाली आराखडे काढणे, हे त्याचे काम.

या नोकरीचा त्याच्या पुढील आयुष्याशी असलेला संबंध नीट ध्यानात घ्यायला हवा. यंत्राचा आराखडा काढताना कागदावरील एक इंच म्हणजे लोखंडाचा एक फूट, असे काही तरी प्रमाण धरलेले असते आणि ते आडव्या दिशेला जेवढे, तेवढेच उभ्या दिशेलाही असावे लागते. आडवे प्रमाण एक आणि उभे दुसरे धरले, तर वाटोळे चाक कागदावर लंबगोल होईल आणि त्या आराखड्यावरून ओतलेले चाक फिरणारच नाही. आराखडा खोटा असेल तर यंत्र ते लगेच दाखवून देते. कारागिराच्या कागदाला वस्तूचा असा पहारा असतो. प्लेफेअरने चार वर्षे या पहाऱ्यात काम केले.

१७८१ साली त्याने नोकरी सोडली. लंडनला येऊन भागीदारीत चांदीकामाचे दुकान थाटले; ते चालले नाही. मग त्याने लेखणी हाती धरली आणि १७८६ साली ‘द कमर्शियल अँड पोलिटिकल अ‍ॅटलस’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. नाव अ‍ॅटलसचे, पण आत भूगोलाचा एकही नकाशा नाही. होते ते ४४ आलेख, तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेले आणि हाताने रंगविलेले. त्यांपैकी ४३ आलेखांत आडव्या अक्षावर वर्षे मांडलेली होती आणि रेघा काळाबरोबर पुढे सरकत होत्या. इंग्लंडची आयात किती, निर्यात किती, सरकारचे कर्ज किती, हे सारे त्यात होते. ईस्ट इंडीजशी, म्हणजे आपल्या बाजूच्या मुलखाशी, चाललेल्या व्यापाराचाही एक आलेख होता.

त्यांतला डेन्मार्क आणि नॉर्वे यांच्याशी झालेल्या व्यापाराचा आलेख विशेष प्रसिद्ध आहे. १७०० ते १७८० या काळातील आयातीची एक रेघ आणि निर्यातीची दुसरी. शतकाच्या पूर्वार्धात आयात वर आणि निर्यात खाली. शतकाच्या मध्याच्या सुमारास दोन्ही रेघा एकमेकींना छेदतात आणि पुढे निर्यात वर चढते. दोन रेघांमधील जागा त्याने रंगविली आणि तोट्याची बाजू कोणती, नफ्याची कोणती, ते तिथेच लिहिले. ऐंशी वर्षांच्या हिशेबाच्या चोपड्या वाचून जे उमजायला दिवस लागले असते, ते एका दृष्टिक्षेपात उमजू लागले. ही कल्पना वाचकाला पटावी म्हणून त्याने एक घरगुती दाखलाही दिला होता. एखाद्या व्यापाऱ्याने रोजच्या कमाईची नाणी एकावर एक रचून रोजचा एकेक ढीग ओळीने मांडला, तर ढिगांच्या माथ्यांकडे पाहूनच धंद्याची भरती-ओहोटी कळेल. आलेख म्हणजे तसेच ढीग, फक्त कागदावरचे.

स्कॉटलंडच्या व्यापाराचे मात्र त्याला एकाच वर्षाचे आकडे मिळाले होते. काळाची रेघ काढणे शक्य नव्हते. तेव्हा त्याने प्रत्येक देशापुढे आयातीचा एक आणि निर्यातीचा एक असे आडवे पट्टे काढले. उणीव झाकण्यासाठी केलेली ही तडजोड पुढे स्तंभालेख म्हणून जगभर गेली. स्वतः प्लेफेअरला मात्र ती कमी दर्जाची वाटे, कारण तिच्यात काळाची वाटचाल नव्हती.

पुस्तकाची तयारी चालू असताना जुन्या मालकाने, वॅटने, त्याला एक सल्ला दिला होता. आलेखांबरोबर मूळ आकड्यांचे तक्तेही द्यावेत, कारण नुसत्या चित्रावर लोक तेवढा विश्वास ठेवणार नाहीत, अशा आशयाचा तो सल्ला होता. मला यात वॅटचे यंत्रशास्त्रज्ञाचे मन दिसते. आराखड्याला यंत्राचा पहारा असतो. व्यापाराच्या रेघेला कशाचा पहारा? निदान आकड्यांचा तरी असावा.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. यंत्राच्या आराखड्यात दोन्ही दिशांना लांबीच मोजलेली असते. प्लेफेअरच्या आलेखात आडव्या दिशेला वर्षे आणि उभ्या दिशेला पौंड. एक वर्ष म्हणजे किती पौंड, या प्रश्नाला काही अर्थच नाही. त्यामुळे कागदावर वर्षासाठी किती जागा द्यावी आणि लाख पौंडांसाठी किती, हे वस्तूवरून ठरत नाही. ते काढणारा ठरवितो. समजा, कागदाच्या डाव्या-खालच्या कोपऱ्यातून निघून उजव्या-वरच्या कोपऱ्यापर्यंत चढणारी एक सरळ रेघ आहे. कागद १० सेंटिमीटर रुंद आणि तेवढाच उंच असेल, तर ती ४५ अंशांनी चढते. उंची तीच ठेवून रुंदी २० सेंटिमीटर केली, तर चढ सुमारे २७ अंशांवर येतो. बैलगाडीही जाईल असा वाटू लागतो. रुंदी ५ सेंटिमीटर केली, तर तोच चढ सुमारे ६३ अंशांचा होतो, रायगडाच्या कड्यासारखा. आकड्यांत एका दमडीचाही फरक पडलेला नाही.

प्लेफेअरला हे कळत होते काय? त्याच्या कागदांवरून तरी कळत असावे असे वाटते. अमेरिकन अभ्यासक एडवर्ड टफ्टी यांनी १९८३ च्या आपल्या ग्रंथात त्याच्या सहा पुस्तकांतील ८९ आकृत्यांची मापे घेतलेली आहेत. त्यांपैकी ९२ टक्के उंचीपेक्षा रुंद भरल्या. डोळ्याला क्षितिजाची सवय असल्यामुळे आडवा कागद सुखावह वाटतो आणि वर्षांची नावे लिहायलाही तो सोयीचा पडतो. जे थोडे आलेख उभे, उंच निघाले, त्यांत सरकारी कर्जाचे अनेक आहेत. प्लेफेअर हा सरकारच्या वाढत्या कर्जाचा टीकाकार होता. अमेरिकन वसाहतींशी चाललेले युद्ध १७८३ मध्ये नुकतेच संपले होते, तिजोरीवर त्याचा बोजा पडला होता आणि हे कर्ज राज्याला बुडवील, असे त्याला सांगायचे होते. व्यापार सांगताना त्याने कागद आडवा धरला. कर्ज सांगताना उभा. आकडे खरे होते. पण कागद फिरविला त्या क्षणी हिशेबाचे वकीलपत्रात रूपांतर झाले.

अ‍ॅटलसमुळे नाव झाले, पैसा झाला नाही. १७८७ साली तो पॅरिसला गेला. त्याच्या ग्रंथाची प्रत सोळाव्या लुईपर्यंत पोहोचली आणि राजाने ती पसंत केली, असे त्याने सांगून ठेवले आहे. १७८९ मध्ये अ‍ॅटलसचे फ्रेंच भाषांतरही निघाले. त्याच वर्षी राज्यक्रांतीचा भडका उडाला आणि भयभीत लोकांना परदेशात जमिनी विकण्याच्या धंद्यात प्लेफेअर पडला. धंदा होता सायोटो कंपनीचा. अमेरिकेत ओहायो नदीकाठची सुपीक जमीन ही कंपनी फ्रेंच गिऱ्हाइकांना विकत होती. जोएल बार्लो हा कवी तिचा पॅरिसमधील प्रतिनिधी आणि प्लेफेअर त्याचा साथीदार. शेकडो फ्रेंच लोकांनी होते नव्हते ते विकून कागद घेतले आणि १७९० साली समुद्र ओलांडला. तिथे गेल्यावर त्यांना कळले की, ज्या जमिनीचे कागद आपल्या हाती आहेत ती कंपनीच्या मालकीची कधी झालीच नव्हती. गॅलिपोलिस नावाची वसाहत त्यांनी कशीबशी उभी केली. अखेर १७९५ मध्ये अमेरिकन काँग्रेसने दया येऊन त्यांना वेगळी जमीन दिली. जमा झालेल्या पैशाचा नीट हिशेब लागला नाही आणि त्याचा ठपका प्लेफेअरवर आला.

हे प्रकरण वाचताना मला वारंवार असे वाटत राहिले की, या माणसाच्या आयुष्यातील यश आणि अपयश ही दोन्ही एकाच झाडाची फळे आहेत. जे डोळ्यांसमोर नाही ते कागदावर असे मांडायचे की पाहणाऱ्याला ते खरे वाटावे, ही त्याची विद्या. व्यापाराच्या आलेखामागे जकातीच्या कचेरीतील आकडे होते, म्हणून तो शास्त्र ठरला. ओहायोच्या कागदामागे जमीनच नव्हती, म्हणून तो फसवणूक ठरला. कौशल्य दोन्हीकडे सारखेच होते.

१७९० च्या दशकाच्या प्रारंभीच तो लंडनला परतला. क्रांतीचा कडवा विरोधक बनून त्याने पुस्तिकांमागून पुस्तिका लिहिल्या. १७९७ मध्ये एक बँक काढली. ती लवकरच बुडाली. कर्जापायी फ्लीट तुरुंगाची हवाही खाल्ली. ब्रूस बर्कोविट्झ यांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या चरित्रात असे प्रतिपादन आहे की, याच काळात तो इंग्लंडचा गुप्त हस्तक होता आणि फ्रान्सचे कागदी चलन बनावट नोटा ओतून कोसळविण्याच्या कारस्थानात त्याचा हात होता. हे मत ग्राह्य धरले तर कागदावर विश्वास कसा निर्माण करावा आणि कसा मोडावा, या दोन्ही कला त्याला अवगत होत्या असे म्हणावे लागेल.

अशा धामधुमीतच १८०१ साली त्याचे ‘द स्टॅटिस्टिकल ब्रेव्हिअरी’ हे पुस्तक बाहेर पडले. त्यात युरोपातील राज्यांची तुलना आहे. प्रत्येक राज्यासाठी एक वर्तुळ. राज्याचे क्षेत्रफळ जितके, तितके वर्तुळाचे क्षेत्रफळ. तुर्की साम्राज्य तीन खंडांत पसरलेले होते, म्हणून त्याच्या वर्तुळाचे त्याने त्या प्रमाणात तीन तुकडे पाडले आणि त्यांना वेगवेगळे रंग दिले. आज ज्याला आपण वृत्तालेख म्हणतो त्याचा उगम हा. या पुस्तकाच्या नावातच, शेवटी हिंदुस्थानातील राज्यकर्त्या सत्तांचेही असेच दर्शन जोडले आहे, असा उल्लेख आहे. १८०१ म्हणजे टिपू सुलतान पडून दोन वर्षे झालेली आणि पुण्याच्या गादीवर दुसरा बाजीराव बसलेला. इकडे शिंदे-होळकरांची घोडदळे एकमेकांवर चालून जात होती, त्याच वर्षी लंडनमधील एक कर्जबाजारी लेखक हिंदुस्थानातील सत्तांचे मोजमाप कागदावर मांडीत होता. राज्ये नुसती तलवारीने जिंकली जात नाहीत. त्यांची आधी मोजणी होते, हे या योगायोगाने मनावर ठसते.

याच पुस्तकात उंची-रुंदीच्या प्रमाणाने प्लेफेअरलाच दगा दिला आहे. प्रत्येक वर्तुळाच्या डाव्या अंगाला लोकसंख्येची उभी रेघ आणि उजव्या अंगाला महसुलाची. दोन्ही रेघांची टोके त्याने एका तिरप्या रेघेने जोडली. महसुलाची रेघ लोकसंख्येच्या रेघेहून उंच असेल तर तिरपी रेघ उजवीकडे चढते आणि त्या चढावरून प्रजेवरील कराचा भार कळावा, अशी त्याची योजना. कोणत्या बाजूला चढते ते पाहण्यापुरती ही युक्ती ठीक. पण चढ किती, हे त्या दोन रेघांमधील अंतरावर अवलंबून आणि ते अंतर म्हणजे वर्तुळाचा व्यास. राज्य अवाढव्य असले की वर्तुळ रुंद, म्हणून चढ सौम्य. राज्य चिमुकले असले की चढ तीव्र. कराचा भार मोजायला काढलेली रेघ अशा रीतीने राज्याचा विस्तारही मोजून बसली. दुसऱ्याच्या डोळ्याला फिरविणारा हा कारागीर इथे स्वतःच्याच आकृतीने फिरविला गेला.

१८०५ साली त्याने अ‍ॅडम स्मिथच्या ‘वेल्थ ऑफ नेशन्स’ची टीपांसह नवी आवृत्ती काढली आणि बलाढ्य राष्ट्रांचा ऱ्हास का होतो, यावर स्वतःचा ग्रंथही लिहिला. पण त्याच्या कारकिर्दीचा कळस म्हणून जो आलेख दाखविला जातो तो त्यानंतरचा, १८२१ चा, साठी ओलांडलेल्या प्लेफेअरचा. इंग्लंडात तेव्हा शेतमालाच्या भावावरून मोठा वाद चालू होता. शेतकरी मंदीने गांजले होते, तर महागाईचे गाऱ्हाणे शहरांतून जुनेच होते. प्लेफेअरने १५६५ पासून १८२१ पर्यंतचा, म्हणजे अडीचशे वर्षांहून अधिक काळाचा, आलेख काढला. दर पाच वर्षांच्या गव्हाच्या भावाचे उभे स्तंभ, त्यांच्या पायथ्याशी कुशल कारागिराच्या आठवड्याच्या मजुरीची रेघ आणि माथ्यावर त्या त्या काळच्या राजा-राणीची कारकीर्द. भाव आणि मजुरी दोन्ही शिलिंगांत, एकाच मापपट्टीवर. त्याला सांगायचे होते ते हे की, मजुरीच्या मानाने पाहिले तर गहू पूर्वी कधी नव्हता इतका आता स्वस्त आहे.

या आलेखाचे आकडे आज आर भाषेतल्या ऐतिहासिक आकड्यांच्या एका संग्रहात कुणालाही मिळतात. मी ते घेऊन आलेख काढून पाहिला. प्रथम प्लेफेअरने काढला तसा, आडवा. स्तंभांचे उंचच उंच डोंगर दिसतात आणि मजुरीची रेघ त्यांच्या पायथ्याने ओढ्यासारखी वाहते. डोळा डोंगरांवरच खिळतो आणि गहू महागच होत गेला असे वाटते. मग मी आलेख उभा केला. मजुरीची रेघ शेवटी शेवटी जराशी वर उचलली गेली, पण डोंगरही त्याहून उंच झाले. नुसते प्रमाण बदलून भागणार नव्हते. तेव्हा गव्हाच्या भावाला मजुरीने भागले आणि एक क्वार्टर गहू, म्हणजे आजच्या हिशेबाने सुमारे सव्वादोन क्विंटल, घ्यायला कारागिराला किती आठवडे राबावे लागे, त्याची रेघ काढली. प्लेफेअरच्याच आकड्यांनुसार १५६५ मध्ये भाव सुमारे ४१ शिलिंग आणि मजुरी ५, म्हणजे आठ आठवडे. १८१५ मध्ये भाव ७८ आणि मजुरी सुमारे ३०, म्हणजे तीन आठवड्यांहूनही कमी. आता रेघ स्पष्ट उतरत आली. त्याचे म्हणणे त्याच्याच आकड्यांतून सिद्ध होत होते, पण त्याच्या कागदावर ते दिसत नव्हते. सरकारी कर्जाला ज्याने आकाशाला भिडविले, त्याला मजुराची सहापट झालेली मजुरी मात्र जमिनीवरून उचलता आली नाही.

मग खरे प्रमाण कोणते, हा प्रश्न उरतोच. दोन्ही अक्षांवर एकाच जातीचे माप असेल, उदाहरणार्थ गावाचा नकाशा किंवा शेताची मोजणी, तर उत्तर एकच : दोन्ही दिशांना सारखे. आर भाषेत त्यासाठी ‘एएसपी’ बरोबर एक असे लिहिले की वर्तुळ वर्तुळच राहते. अक्षांवर वेगवेगळ्या जातीची मापे असतील तेव्हा निर्णय करावा लागतो. विल्यम क्लीव्हलँड व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली याचा एक नियम सुचविला. रेघेचे निरनिराळे तुकडे सरासरीने ४५ अंशांच्या आसपास कलतील अशी आलेखाची उंची-रुंदी ठेवावी. कारण रेघा फार उभ्या किंवा फार आडव्या झाल्या की त्यांच्या चढांतील फरक डोळ्याला उमगत नाही. त्यांचे गाजलेले उदाहरण सूर्यावरील डागांचे. डागांची संख्या सुमारे अकरा वर्षांच्या चक्राने वाढते व घटते. चौरस कागदावर ही चक्रे काट्यांच्या कुंपणासारखी दिसतात. तोच आलेख खूप लांब आणि बुटका केला की दिसू लागते की, मोठ्या चक्रांत डाग झपाट्याने वाढतात आणि सावकाश ओसरतात. आर भाषेतील ‘लॅटिस’ या संचाला सांगितले तर तो हे प्रमाण आपण होऊन काढून देतो. पण न सांगितले तर? आर भाषा पीडीएफसाठी सात इंच रुंद व सात इंच उंच कागद घेते. पायथॉनमधील मॅटप्लॉटलिब ६.४ इंच रुंद आणि ४.८ इंच उंच घेते. ही मापे आपले आकडे पाहून ठरविलेली नसतात. यंत्राने निवडलेला कागद निःपक्षपाती असतो, अशी आपली समजूत होते. वस्तुतः तिथे कुणी विचारच केलेला नसतो. क्लीव्हलँड यांचा नियमही अखेर डोळ्याची सोय पाहतो. वाचकाला कशाची तुलना करू द्यायची, हे ठरविण्याचे काम काढणाऱ्याकडेच राहते.

प्लेफेअरची अखेरची वर्षे हलाखीत गेली. १८१६ च्या सुमारास लॉर्ड डग्लस या धनिकाला त्याच्या वारशासंबंधीची कागदपत्रे उघड करण्याचा धाक घालून पैसे उकळण्याचा त्याने प्रयत्न केला, तोही फसला. ११ फेब्रुवारी १८२३ रोजी लंडनमध्ये तो निर्धन अवस्थेत वारला. शंभरावर पुस्तके व पुस्तिका लिहिलेल्या या माणसाच्या आलेखांना त्याच्या हयातीत इंग्लंडात फारसे कुणी विचारले नाही. जर्मन प्रवासी-शास्त्रज्ञ हुंबोल्टने त्याची पद्धत उचलली. मायदेशात स्टॅन्ली जेव्हन्ससारख्या अर्थशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याचे मोल ओळखले.

प्लेफेअर चांगला माणूस होता असे म्हणवत नाही. पण त्याच्या नादानीमुळे त्याने दिलेली भाषा खोटी ठरत नाही. भाषा कोणतीही असो, तिच्यात खरेही बोलता येते आणि खोटेही. आणि नुसता आवाज चढवूनही पुष्कळ काही साधता येते. आलेखाच्या बाबतीत आवाज चढविणे म्हणजे कागद उभा धरणे, आवाज दाबणे म्हणजे तो आडवा ताणणे. निवडणुकीच्या दिवसांत, अंदाजपत्रकाच्या दिवसांत, महागाईच्या नाही तर प्रगतीच्या नावाने आपल्यापुढे अनेक रेघा नाचविल्या जातील. त्यांतली प्रत्येक रेघ एक तर कुणी तरी मापून धरलेल्या कागदावर असेल, नाही तर कुणीच न मापलेल्या. तेव्हा चढ पाहून छाती दडपण्याआधी अक्षांवरचे आकडे वाचावेत. वॅटने तक्ते मागितले होते ते त्यासाठीच. आणि आपल्यावर आलेख काढण्याची पाळी येईल तेव्हा, मजुराच्या रेघेला कागदावर किती जागा दिली आहे, ते आधी पाहावे.